घरच्या माणसाचं नाटकी वेषातलं तैलचित्र कसं करावं

भाड्याचा अंगरखा चढवून दादा समोर बसला की नजर आधी जरीकडे धावते. मग आठ दिवस जरीच रंगते, उरलेल्या दोन दिवसांत चेहरा उरकला जातो, आणि बघणारा म्हणतो, "पोशाख झकास झालाय हं!" चित्र फसलं, याची ती पावती. अशा चित्रात वेष परक्याचा आणि माणूस घरचा, हे दोन्ही एकदम दिसलं पाहिजे. खालची पद्धत तेवढ्यासाठीच आहे. माप धरलंय २४ × ३० इंच कॅनव्हासचं, आकृती कमरेपर्यंतची आणि बसलेली, रंग तैलरंग, बैठका नऊ.

पोशाख कुठला आणि कधी

नाटकातला काळ आणि इतिहासातला काळ हे दोन वेगळे. बालगंधर्वांची १९१६ सालच्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी द्वापारयुगातली खरी, पण रंगमंचावर ती नऊवारीतच वावरली, आणि प्रेक्षकांना त्यात काही खटकलं नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटनेही १६४० साली स्वतःला रंगवलं ते शंभरेक वर्षांपूर्वीच्या वेषात. म्हणून ड्रेपरीच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या नाटकी पोशाखातल्या, अंगरख्याला पाठीमागे हूक असतील, काठाला मशीनची लेस असेल, तर ती 'दुरुस्त' करून पेशवाईतली करू नका. तसं केलं की चित्र ना इतिहासाचं राहतं ना नाटकाचं. ज्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, तिथे नाटकाचा पोशाख नाटकाचाच दिसला तर कुणी नाक मुरडणार नाही.

ड्रेपरी भाड्याने घ्यायची तर वेळ बघून घ्या. बेळगावात शिवजयंती वैशाखातल्या तिथीची, तिच्या चित्ररथांच्या आसपास एक जिरेटोप मोकळा सापडत नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं, त्यानंतर बेळगाव-खानापूरकडच्या गावांतल्या जत्रांची नाटकं. दिवाळी उलटल्यावरचा नोव्हेंबर सगळ्यात सोयीचा. ड्रेपरीवाला मोकळा असतो, हवा कोरडी होत आलेली असते आणि सूर्य दक्षिणेला कललेला असतो. या तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व पुढे येईल.

भाड्याच्या मालात तीन गोष्टी तपासा. पगडीचा घेर: ती ताठ असते, डोक्याबरोबर बदलत नाही. सैल असेल तर आत टॉवेलची पट्टी घाला, नाहीतर अर्ध्या तासात भुवयांवर उतरते. खांद्याची शिवण: ती दंडावर ओघळत असेल तर पाठीमागून सेफ्टीपिना मारून कापड खेचा, पुढून काही दिसत नाही. तिसरी तलवार. ती पत्र्याची आणि हलकी असते. हलकी वस्तू धरलेल्या मनगटात ताण नसतो आणि चित्रात ती खेळण्यातली दिसते. मुठीच्या खाली, चौकटीबाहेर येईल अशा जागी, किलोभर वाळूची पिशवी बांधा आणि तलवारीचं टोक स्टुलावर टेकवा. बोटं आपोआप खरी वळतात. उगारलेली तलवार मात्र नको. हात चार-पाच मिनिटांत खाली येतो आणि प्रत्येक वेळी नव्या जागी वर जातो.

बहिणीला बसवणार असाल तर ड्रेपरीच्या नायलॉनी शालूपेक्षा आजीच्या ट्रंकेत हात घाला. शहापुरी लुगडं, इरकल, गुळेदगुड्डचा खण यांचे रंग दाबलेले असतात आणि चेहऱ्याला मागे ढकलत नाहीत. ट्रंकेतल्या कापडाला घड्यांच्या खुणा पक्क्या बसलेल्या असतात. त्या इस्त्रीने घालवू नका. पदर रात्रभर दोरीवर टाकला की हव्या तेवढ्याच उरतात.

भावाला स्त्रीपार्टात, म्हणजे बाईच्या भूमिकेत, रंगवायचं असेल तर जबडा बारीक करायचा मोह टाळा. नटाचा जबडा आणि नायिकेचा शालू यांतली ओढाताण हाच त्या चित्राचा विषय. जबडा कोरून नाजूक केला की समोर एक अनोळखी बाई उरते.

उजेड

उत्तरेची खिडकी घ्या, असं प्रत्येक पुस्तकात असतं. पण ती पुस्तकं थंड देशांतली. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि ऊन थेट त्याच खिडकीतून आत येतं. जून-जुलैत ढग सांभाळून घेतात. मेमध्ये खिडकीला मलमलचं पांढरं पातळ किंवा ट्रेसिंग पेपर लावावाच लागतो. नोव्हेंबरात हा प्रश्नच येत नाही.

कौलारू घरात दुसरी गंमत होते. पडवी खाली उतरलेली असते, त्यामुळे उजेड वरून कमी आणि अंगणातून उसळून जास्त येतो. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूरकडे माती तांबडी. ती हनुवटीच्या आणि नाकाच्या खालच्या सावलीत नारिंगी रंग भरते, आणि माणूस शेकोटीजवळ बसल्यासारखा दिसतो. अथणी-चिकोडीच्या काळ्या रानात हे होत नाही. उपाय सोपा आहे. खिडकीबाहेर जमिनीवर करड्या रंगाची चादर अंथरा. पांढरी नको, ती सावलीच उडवून टाकते. शेजारच्या भिंतीला नुकताच पोपटी रंग दिलेला असेल तर त्या बाजूची झडप लावून घ्या.

खिडकी माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर हवी. खालचा निम्मा भाग पुठ्ठ्याने झाका. प्रकाश साधारण ४५ अंशांतून पडला की पगडीची सावली कपाळावर येते, नाकाची सावली वरच्या ओठाच्या अलीकडे थांबते. पगडीची ती सावली जपा. पगडी डोक्यावर 'बसली' आहे की नुसती ठेवली आहे, हे तीच सांगते.

बैठकीची आखणी

घरचा माणूस मॉडेल म्हणून फुकट मिळतो, पण ऐकत नाही. "दादा, मान हलवू नकोस," म्हटलं की "तू कधी शिकलास रे हे?" असं उत्तर येतं आणि मान हलतेच. आरडाओरडा करून फायदा नाही. २५ मिनिटं बसणं, ५ मिनिटं उठणं, असे चार फेरे. एका बैठकीला दोन तास पुरे. खुर्चीच्या पायांभोवती आणि चपलांभोवती खडूने रेघ मारा. नजरेसाठी समोरच्या भिंतीवर टिकली चिकटवा. टीव्ही लावू नका. डोळे हलले तरी चालतं, पण हसू आलं की गालाचे स्नायू सगळे वर सरकतात.

नऊ बैठका अशा वाटा: पहिली रेखाटनाची, दुसरी ते चौथी चेहऱ्याची, पाचवी-सहावी पोशाखाची, सातवी हातांची, आठवी चेहरा आणि पोशाख एकत्र, नववी शेवटच्या फटकाऱ्यांची. पोशाख लागतो तो पाचव्या-सहाव्या बैठकीला, म्हणजे लागोपाठ दोन दिवस, आणि आठवीला एक दिवस. पूर्ण नऊ दिवसांचं भाडं भरायची गरज नाही. पहिल्या चार बैठकांत मात्र अंगरख्याच्याच रंगाचा टॉवेल किंवा ओढणी गळ्याशी गुंडाळा. कापडाचा रंग हनुवटीखाली उसळतो. पांढऱ्या बनियनवर चेहरा रंगवून नंतर किरमिजी अंगरखा चिकटवला तर मुंडकं वेगळं वाटतं.

रेखाटन: आधी कवटी, मग पगडी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चेहरा काढायचा आणि वर पगडी ठेवायची, असं केलं की पगडी डब्याच्या झाकणासारखी बसते. आधी पूर्ण कवटी काढा, टाळूपर्यंत. मग कपाळाच्या वर एक लंबगोल फिरवा, तो कानामागून गेला पाहिजे. पगडी त्या लंबगोलावर उभी करा. फेटा असेल तर प्रत्येक पीळ त्या लंबगोलाशी समांतर जातो. मोजून पाच-सहा मोठे पीळच घ्या, बाकीचे सावलीत सोडा.

मापं अशी: टाळू ते हनुवटी साडेसात इंच, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा थोडं लहान. वर अडीच इंच मोकळी जागा. पगडी केसांच्या रेषेपासून वर चार इंच. केसांची रेषा ते हनुवटी सहा इंच. म्हणजे हनुवटी वरून साडेबारा इंचांवर येते आणि डोळे पावणेनऊ इंचांवर. नेहमीच्या व्यक्तिचित्रापेक्षा डोळे बरेच खाली वाटतील. वाटू देत. पगडीला जागा द्यायला विसरलेलं चित्र फ्रेमवाल्याकडे गेलं की तुरा कापला जातो.

आता भावंडाची खास अडचण. जो चेहरा लहानपणापासून रोज दिसतो, तो आपण कधी नीट बघितलेला नसतो. हात आठवणीतला चेहरा काढतो, त्यामुळे चाळिशीचा भाऊ पंचविशीचा होतो. शिवाय चित्रकाराचा हात नकळत स्वतःच्या चेहऱ्याकडे वळतो, आणि भावंडांत भुवई, जबडा, कानाची पाळी सारखीच असल्याने ही घसरण लवकर कळतही नाही. पहिल्याच बैठकीत कागदावर पाच फरक लिहा: "तिचा डावा डोळा खाली, माझा नाही. तिचं नाक टोकाला रुंद. तिच्या ओठाची उजवी कड वर." हा कागद इझलला टाचून ठेवा आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी त्याच्याशी ताडून बघा. बाकी तपासणी नेहमीचीच: चित्र आरशात बघणं, उलटं टांगून बघणं, दोन डोळ्यांमधलं अंतर डोळ्याच्या लांबीशी मोजणं.

मोबाइलवर फोटो घ्यायचा तर हाताच्या अंतरावरून नको, नाक फुगतं आणि कान मागे जातात. आठ फूट मागे जाऊन दुप्पट झूम करा. तो फोटो फक्त चुण्यांसाठी वापरा. चेहरा समोर बसवूनच करायचा. बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे व्यक्तिचित्रकार शिकवून गेले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. अशा गावात समोर बसायला माणूस असताना फोटोवरून चेहरा उतरवणं म्हणजे नळ असून टँकर मागवणं.

कॅनव्हास आणि तेल

तयार कॅनव्हास चालतो. पडद्याचं मांजरपाट वापरणार असाल तर आधी धुऊन आटवा, मग ताणा. ॲक्रिलिक गेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या आणि प्रत्येक हातानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. गेसो न देता थेट तेल लावलं तर तेल कापडात मुरतं, कापड काही वर्षांत ठिसूळ होतं. पांढऱ्यावर काम सुरू करू नका. बर्न्ट अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चोळा आणि फडक्याने पुसून करडा-तपकिरी मध्यम रंग ठेवा. जरीचा उजेड त्यावरच उठतो.

पॅलेटवर एवढे पुरे: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ सिएना, लाइट रेड, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, ॲलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, आयव्हरी ब्लॅक. शेवटी जरीसाठी कॅडमियम यलोचा एक ठिपका.

पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनचा. दुसऱ्यात एक भाग जवसाचं तेल, तीन भाग टर्पेंटाइन. शेवटच्यात दोन्ही समान. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडा थर आला, की वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. काळ्या अंगरख्यावर हे हमखास घडतं, कारण काळा मुळातच जास्त तेल पितो आणि सावकाश वाळतो. अंगरखा काळा असला तरी पहिला थर अंबर आणि अल्ट्रामरीनचा द्या. अंबर लवकर वाळतो.

जवसाचं तेल चित्रकलेच्या दुकानातलं, शुद्ध केलेलंच घ्या. घाण्याचं खायचं तेल आणलं तर त्यातला चिकट गाळ निघालेला नसतो, आणि चेहरा वर्षभरात पिवळा पडतो. शेंगतेल तर कधीच वाळत नाही. आणि जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे कोपऱ्यात ढिगाने टाकू नका. वाळताना ते आतल्या आत तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा.

चेहरा

आपल्याकडचा सावळा-गव्हाळ रंग ऑकर, लाइट रेड आणि थोड्या पांढऱ्यातून निघतो. सावलीला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, त्यात व्हिरिडियनचा कण. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, दाढी केलेल्या पुरुषाची हनुवटी निळसर-हिरवट. हे तीन पट्टे मनात ठेवले की चेहरा मातीचा दिसत नाही. सावळ्या कातडीवरचा चमकता उजेड पांढरा नसतो, आकाशाचा निळसर करडा असतो; तिथे नुसतं पांढरं टेकवलं की घाम दिसतो.

खोट्या मिशा चौथ्या बैठकीपर्यंत लावूच नका. ओठांवरचा फुगीर भाग त्यांच्याखाली झाकला जातो आणि मग मिशी सपाट पाटीवर चिकटवल्यासारखी होते. आधी ओठ पूर्ण रंगवा, वरून मिशी. स्पिरिट गमने रोज चिकटवलं तर कातडीही सोलते. रंगभूषा तर जवळपास नकोच. ती शेवटच्या रांगेसाठी केलेली असते, चार फुटांवरून मुखवटा होते. बहिणीला काजळ, एवढं पुरे.

कापड आणि जरी

अंगातले कपडे दोन बैठकांत एकाच चुणीत कधीच येत नाहीत. म्हणून पाचव्या बैठकीला अर्धा तास माणसावर मुख्य चुण्यांचं रेखाटन करा आणि मग पोशाख शिंप्याच्या पुतळ्यावर चढवा. पुतळा नसेल तर खुर्चीच्या पाठीला बनियनमध्ये उशा कोंबून बांधा. आता दोन दिवस चुण्या हलणार नाहीत, आणि दादाही सुटला.

मखमल आणि साटीन उलट वागतात. साटिनीवर चमक समोरच्या उंचवट्यावर, धारदार. मखमल समोरून गडद, आणि कडेला जिथे कापड वळून जातं तिथे उजळ. मखमलीला साटिनीची चमक दिली की रेक्झिन होते. इरकलीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून घडीच्या वळणावर रंग बदलतो. दोन्ही रंग वेगवेगळे लावा, मिसळून एक करू नका. इरकलीचा लाल-पांढरा, दातेरी टोपाचा पदर मोह घालतो. त्याचे सगळे दाते काढू नका, खांद्यावर उजेडात येतात तेवढे तीन-चार स्पष्ट, बाकी डोळे किलकिले करून दिसतील तसे. खणाच्या बुट्ट्यांनाही हाच नियम: दंडाच्या गोलाईबरोबर त्या अरुंद होत जातात. सारख्या आकाराच्या बुट्ट्या काढल्या तर बाही पाटीसारखी सपाट होते.

जरीसाठी सोनेरी रंगाची ट्यूब घेऊ नका. त्यात धातूची भुकटी असली तर ती कालांतराने काळवंडते, आणि तोवरही बाजूने बघितलं तर मेलेली दिसते. जरी म्हणजे पिवळा नव्हे, बहुतांशी तपकिरी. आधी बर्न्ट अंबरमध्ये व्हिरिडियन घालून सगळा काठ गडद भरा. त्यावर रॉ सिएना आणि ऑकरने उजेडाकडची बाजू. वाळल्यावर पांढऱ्यात कॅडमियम यलो घालून जाड थेंब, पूर्ण काठावर मिळून फार तर सात-आठ. भाड्याच्या जुन्या जरीचा मुलामा उडून तांबं वर आलेलं असतं; तिथे लाइट रेड लावा, लपवू नका. टिकल्याही ओळीने चमकत नाहीत. दहांतली एखादी चमकते, बाकी काळ्या असतात.

मोत्यांच्या सरीत तीनच मोती पूर्ण काढा. प्रत्येकाला मध्यम करडा गोल, प्रकाशाच्या उलट कडेला गडद वळण, त्या वळणाच्या आत थोडा परतीचा उजेड, प्रकाशाच्या बाजूला एक ठिपका. नथ सगळ्यात शेवटी, आठव्या बैठकीला. तिची सावली ओठावर पडते. ती सावली रंगवली नाही तर नथ हवेत तरंगते.

आठव्या बैठकीला माणूस पुन्हा पोशाखात बसवा आणि फक्त तीन जागा बघा: पगडी कपाळाला भेटते ती, कापड मानेला भेटतं ती, बाही मनगटाला भेटते ती. या तीन कडा मऊ-कडक अशा बदलत्या ठेवा. मनगटावरचा रोजचा लाल दोरा किंवा अंगठीचा वळ असेल तर तो राहू द्या. पार्श्वभूमीला रंगीत पडदा, महाल, कमानी नकोत. एक करडा रंग, चेहऱ्याच्या उजळ बाजूपेक्षा गडद आणि सावलीपेक्षा उजळ, म्हणजे दोन्ही कडा सुटतात.

वाळणं आणि पाऊस

कोरड्या दिवसांत दुसरा थर तीन-चार दिवसांत हाताळण्याजोगा होतो. जुलैत आठवडा लागतो, ॲलिझरिन आणि काळ्याला त्याहून जास्त. पावसात कॅनव्हास सैल पडलेला दिसला तरी फ्रेमच्या पाचरा ठोकू नका. हिवाळ्यात तो आपोआप ताणतो आणि ठोकलेला जादा ताण रंगावर येतो. वॉर्निश सहा महिने ते वर्ष थांबून, कोरड्या दिवशी. दमट हवेत लावलं तर वर पांढुरका धुरकट थर बसतो.

चित्र पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर लावू नका. आपल्याकडे पाऊस त्याच बाजूने झोडपतो आणि ती भिंत ऑक्टोबरपर्यंत ओली राहते. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना अर्धा इंच जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते. तरी बुरशीचे पांढरे ठिपके आलेच, तर चित्र उतरवून सावलीत वाळवा आणि कोरड्या मऊ ब्रशने मागची बाजू झाडा. ओलं फडकं लावू नका.